आधी पाणी मोजा, मग पंप बसवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची गर्दी ओसरल्यावर आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी सुचवलं होतं की, खाडीत पाहुणे फिरवणाऱ्या प्रत्येक जुन्या होडीला ऑटोमॅटिक पंप सक्तीचा करावा, म्हणजे गळक्या होड्यांची भीती संपेल. त्यांची कळकळ खरी आहे. पण माझी होडी गेल्या वर्षी पौषात जागच्या जागी बुडाली, आणि ती बुडवण्यात अशाच एका पंपाचा मोठा वाटा होता. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, सांभाळून घ्यावं.

मी चौदा वर्षं मालवाहू जहाजांवर ऑइलमन होतो. घरी परतल्यावर दाभोळ खाडीत एक जुनी होडी विकत घेतली. चोवीस फुटांची, सागाच्या फळ्यांची, आत दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. घेतली तेव्हाच तिचं वय वीसच्या पुढे होतं. आठ पाहुणे घेऊन सकाळी डॉल्फिन दाखवायला खाडीच्या मुखापर्यंत जायचं आणि उन्हं चढायच्या आत परत यायचं, एवढाच धंदा. जुनी लाकडी होडी थोडी पाझरतेच. रोज सकाळी डब्यानं पाणी उपसायचं हा माझा नेमच होता, आणि रोज हातानं उपसत होतो तोवर ती किती पाझरते हे माझ्या दंडाला ठाऊक होतं.

मग एका दिवाळीत पंप बसवला. बुडाशी बारा व्होल्टचा पंप, शेजारी तरंगता स्विच. पाणी चढलं की स्विच उचलला जातो, पंप चालू होतो, पाणी गेलं की बंद. फार सुख वाटलं. डबा घरी नेऊन तुळशीला पाणी घालायला दिला. महिन्याभरानं सकाळी इंजिन मारताना बॅटरी धापा टाकायला लागली. मी बॅटरीवाल्याशी भांडलो, पदरचे पैसे घालून नवी बॅटरी आणली. तीही पंधरा दिवसांत तशीच. रात्रभर पंप चालू-बंद, चालू-बंद होतोय आणि तोच बॅटरी पितोय, हे माझ्या डोक्यात आलं नाही. चौदा वर्षं इंजिनरूममध्ये काढलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही, हे लिहिताना आजही लाज वाटते.

एका पहाटे धक्क्यावर गेलो तर पाण्यावर फक्त नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, आणि छपराचे पाइप दिसत होते.

सुकतीला, म्हणजे ओहोटीला, होडीचा काठ उघडा पडला तेव्हा शेजारच्या चार होड्यांवरची पोरं डबे घेऊन आली आणि दोन तासांत होडी तरंगली. इंजिनात खारं पाणी गेलं होतं. त्याच दिवशी ऑइल काढून टाकलं, गोड्या पाण्यानं धुऊन डिझेल भरून हातानं फिरवलं, म्हणून ते वाचलं. खारं पाणी इंजिनात एक रात्र राहिलं की इंजिन भंगारात, हे जहाजावर शिकलो होतो. तेवढं तरी कामाला आलं.

आता मुद्दा. पाणी आलं कुठून?

जुन्या होडीची गळती शोधायला लोक पहिल्या दिवशीच छिन्नी आणि फटी बुजवायचा मसाला घेऊन बसतात. दिसेल ती फट बुजवतात. मीही तेच करणार होतो. पण आमच्या बंदरात एक म्हातारे मिस्त्रीचाचा आहेत. हयात होड्या बांधण्यात गेली, आता फक्त सावलीत बसून दुसऱ्यांच्या चुका मोजतात. ते म्हणाले, "आधी वही आण. मसाला मागनं." मी चमकलो, कारण हे तर मला त्यांच्याआधी ठाऊक असायला हवं होतं. मोठ्या जहाजावर प्रत्येक पाळीत बुडाच्या खणांतलं पाणी मोजतात आणि लिहून ठेवतात, साउंडिंग म्हणतात त्याला. चाळीस हजार टनांच्या जहाजावर मी ते रोज केलं, आणि स्वतःच्या चोवीस फुटी होडीवर एकदाही केलं नाही.

पंपाची वायर काढून ठेवली. होडी धक्क्याला बांधून आतलं बूड फडक्यानं कोरडं पुसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कळशीनं पाणी मोजलं. पहिल्या रात्रीचा आकडा साडेतीन कळश्या. म्हणजे तीसेक लिटर. नुसतं 'गळते' म्हणण्यात आणि 'रात्रीला साडेतीन कळश्या' म्हणण्यात किती फरक आहे ते ज्यानं मोजलं त्यालाच कळेल. एक काम केलं की पुन्हा मोजायचं. आकडा उतरला तर रोग बरोबर सापडला. नाही उतरला तर तुम्ही चांगलं लाकूड विनाकारण उकरलंत.

चव घेणं हीसुद्धा जुनी युक्ती. बोट बुडवून जिभेला लावायचं. खारं असेल तर खालून आलं, गोडं असेल तर पावसाचं, वरच्या फळ्यांतून उतरलं. आमच्या मुखाकडे हे हिवाळ्या-उन्हाळ्यात चालतं. वर चिपळूणजवळ गोवळकोटकडे त्याचा भरवसा धरू नये. कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी, ही खाडी ज्या नदीची, त्या वाशिष्ठीतच येतं, त्यामुळे तिकडची खाडी आमच्यासारखी खारट नसते. आणि आषाढ-श्रावणात तर इथंही गोडं पाणी वाहतं. तेव्हा जिभेवर विश्वास ठेवायचा तो जागा आणि महिना बघून.

जागा शोधायला मी दोन गोष्टी वापरल्या. कोरड्या केलेल्या फळ्यांवर पांढरी रांगोळी भुरभुरवली. पाझर फुटला की तिच्यात ओली रेघ उमटते आणि रेघेच्या वरच्या टोकाला चोर सापडतो. (घरच्यांनी विचारलं, आता होडीपुढे रोज रांगोळी काढणार का? मी गप्प बसलो.) दुसरी गोष्ट म्हणजे वर्तमानपत्राचे तुकडे. प्रत्येक नळीच्या जोडाखाली, बोल्टखाली, ग्लँडखाली एकेक तुकडा ठेवायचा आणि तासाभरानं कुठला भिजला ते बघायचं. कागदावर एक थेंबही लपत नाही. तुकडे आपल्याच दैनिकाचे होते, हे प्रांजळपणे कबूल करतो.

पहिला भिजला तो ग्लँडखालचा. ग्लँड म्हणजे शाफ्टभोवतीचं पाणी अडवायचं बूच. इंजिनाचा शाफ्ट होडीच्या बुडातून बाहेर पंख्याकडे जातो, तिथं त्याच्याभोवती ग्रीस लावलेली दोरी कोंबलेली असते आणि नट आवळून ती दाबलेली असते. शाफ्ट फिरायचा म्हणजे ही जागा पूर्ण बंद करता येत नाही. इंजिन चालू असताना मिनिटाला दोन-चार थेंब पडलेच पाहिजेत, त्या पाण्यानंच ती थंड राहते. अडाणीपणानं करकचून आवळली तर थेंब थांबतो, पण दोरी जळते आणि शाफ्टवर चर पडतात, मग ती कायमची गळते. माझा थरथरून सैल झालेला नट होता आणि आतली दोरी दगडासारखी कडक झाली होती. नवी दोरी घालताना तिच्या कड्या करतात. टोकं तिरकी कापायची आणि एका कडीचा जोड दुसरीच्या जोडावर येऊ द्यायचा नाही. घाईत एकच लांब दोरी मळसूत्रासारखी गुंडाळून कोंबणारे फिटर मी पाहिलेत. पाण्याला आत यायला तो जिनाच होतो. होडी बंद असताना इथून सेकंदाला एक थेंब पडतो म्हटलं तर कुणी मनावर घेत नाही, पण दिवसाला ते चारेक लिटर भरतं. माझ्या ग्लँडमधून धारच लागली होती.

दोरी बदलल्यावर रात्रीचा आकडा साडेतीनवरून दीडवर आला.

उरलेलं दीड कळशी पाणी नाळेजवळच्या एका सांध्यातून येत होतं. त्यासाठी होडी कोरड्यावर घ्यावी लागली. आमच्याकडे क्रेन नाही, उतरता धक्का नाही. भरतीला काठावर आणायची, ओहोटीला ती आडवी होते, मधल्या पाच-सहा तासांत काय करायचं ते करायचं. यातही मेख आहे. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ मिळते, हे किनाऱ्यावरच्या पोरालाही येतं. त्रयोदशीला पावणेदहाच्या सुमारास भरती, म्हणजे दुपार ते संध्याकाळ काम करायला मोकळी. पण नवशिका मालक उधाणाची सगळ्यांत मोठी भरती गाठून होडी जास्तीत जास्त वर चढवतो, आणि मग फसतो. पुढची प्रत्येक भरती त्याहून लहान. भांग, म्हणजे लहान भरत्यांचे दिवस, संपून पुन्हा तेवढं पाणी यायला पंधरवडा जातो, तोवर होडी चिखलात आणि धंदा बंद. म्हणून द्वादशी-त्रयोदशीला घ्यायची, पाणी अजून चढतं असताना.

सांध्यात सुताची लड ठोकून बसवायची आणि वरून मसाला भरायचा, ही जुनी रीत. चाचांनी मला सूत भरू दिलं, पण घण जोरात मारला की ओरडायचे. फार ठोकलं तर फळ्याच एकमेकींपासून सरकतात आणि शेजारचा सांधा उघडतो. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मी जन्मभर विसरणार नाही. वैशाखात महिनाभर वाळूत पडलेल्या होडीच्या फटी बघून मालक घाबरतात आणि सगळ्या फटींत कडक पुटी दाबून भरतात. सुकलेली फळी आखडलेली असते. पाण्यात गेल्यावर ती फुगते, तेव्हा तिला जागा लागते. जागा नसेल तर ती पुटीला बाहेर ढकलते किंवा स्वतः खिळ्यांवरून उचलली जाते. "होडीला आधी पाणी पिऊ दे," चाचा म्हणाले, "मग तिचे दोष काढ." एक-दोन दिवस माणूस आणि डबा जवळ ठेवून तिला पाण्यात भिजू द्यावं. निम्म्या फटी आपोआप मिटतात. ज्या उरतात त्या खऱ्या.

मसाल्यांबद्दल फार लिहीत नाही, दुकानदार सांगतीलच. एवढंच सांगतो की बाथरूमच्या टाइलला लावतात ते सिलिकोन पाण्याखालच्या भागाला लावू नका. माझ्या आधीच्या मालकानं लावलं होतं. ते टिकत तर नाहीच, वर त्याचा पातळ थर लाकडावर राहतो आणि त्यावर पुढे काहीच धरत नाही. मला ते पात्यानं खरवडून काढायला अख्खी दुपार गेली. पॉलियुरेथेनच्या मसाल्याची ट्यूब मिळते, ती घ्यावी. लवचिक राहते, फळीबरोबर हलते. आणि गळती आतून बुजवू नये. बाहेरचं पाणी आतल्या ठिगळाला ढकलत राहतं. तेच ठिगळ बाहेरून लावलं तर पाणीच त्याला दाबून धरतं. दोन गोळ्या मळून लावायची ती पुटी अडीनडीला आतून लावून घर गाठता येतं, त्याच्यापुढे तिच्यावर भिस्त नको.

सांधा भरल्यावर रात्रीचा आकडा अर्ध्या कळशीवर आला. मी पेढे आणायच्या बेतात होतो. तेवढ्यात पाहुणे घेऊन पहिली फेरी मारली आणि परत येऊन बघतो तर बुडात दोन कळश्या पाणी. दोन तासांत!

हे कोडं सोडवायला मला आठवडा लागला. होडी रिकामी असली की काही नाही, पाहुणे बसले की पाणी. शेवटी पाहुण्यांऐवजी वाळूची अकरा पोती आणली, आठ माणसांचं वजन होईल एवढी, आणि ती पाहुणे बसतात तशी मागच्या बाकांवर रचली. होडी मागून सहा बोटं खाली बसली. कागदाचे तुकडे पुन्हा मांडले. भिजला तो पंपाखालचा. पंपाच्या जाळीतून पाणी झुळझुळ आत येत होतं.

पंप बसवणाऱ्यानं पाणी बाहेर टाकायच्या नळीचं तोंड पाण्याच्या रेषेपासून जेमतेम चार बोटं वर काढलं होतं. होडी रिकामी असताना ते उघडं. पाहुणे बसले की पाण्याखाली. या जातीच्या पंपात आतलं चाक फिरायचं थांबलं की पाण्याला परत यायला रस्ता मोकळा असतो. मग तेच पाणी आत यायचं, स्विच उचलायचा, पंप ते बाहेर टाकायचा, थांबायचा, पाणी पुन्हा आत. दिवसभर खाडीचं पाणी गोल फिरवून माझी बॅटरी रिकामी करत होता तो. आणि त्या पौषातल्या रात्री काय झालं तेही आता उलगडलं. ग्लँडची धार, अर्धी मेलेली बॅटरी, पंप थांबला. पाणी चढत गेलं, होडी खाली बसत गेली, आणि ज्या क्षणी नळीचं तोंड पाण्याखाली गेलं त्या क्षणी तिच्या बुडाला जणू एक इंची भोकच पडलं. पाण्याखाली एक फुटावर एक इंचाचं भोक मिनिटाला चाळीसेक लिटर पाणी आत घेतं. नळीतून थोडं कमी येत असेल. पण ते उपसायला त्या रात्री तिथं कोण बसलं होतं?

इलाज साधा होता. नळी आतून थेट होडीच्या काठापर्यंत वर नेली, वळसा दिला आणि तोंड काठाच्या खाली चार बोटांवर काढलं, सगळे पाहुणे एका बाजूला सरकले तरी बुडणार नाही अशा उंचीवर. काही जण नुसता एकतर्फी व्हॉल्व्ह बसवतात. त्यात काडीकचरा अडकला की तो उघडाच राहतो, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. हे सगळं करायला दीडशे-दोनशे रुपयांची नळी आणि अर्धा दिवस लागला.

जाता जाता आणखी एक, कारण ते माझ्या होडीत वेळेवर सापडलं. इंजिनाला थंड करायला समुद्राचं पाणी ज्या तोटीतून आत येतं ती तोटी साध्या पितळेची असेल तर सुरीनं खरवडून बघा. पिवळी चकाकली तर बरं. गुलाबीसर दिसली तर खाऱ्या पाण्यानं तिच्यातलं जस्त खाऊन टाकलंय आणि मागं तांब्याचा ठिसूळ सांगाडा उरलाय. माझी पान्याच्या पहिल्याच हिसक्याला हातात आली. नशीब की होडी कोरड्यावर होती. नवी तोटी ब्राँझची घेतली आणि रबरी नळीला एकाऐवजी दोन क्लिपा लावल्या.

आता त्या गृहस्थांच्या सूचनेकडे येतो. पंप असावा, माझ्याही होडीत आहे. पण सक्ती करायचीच असेल तर पंपाच्या आधी मोजणीची करा. माझ्या होडीची दर वर्षी तपासणी होते. होडी वाळूत उभी असते, रंग ताजा असतो. येणारे साहेब सज्जन आहेत. जॅकेटं मोजतात, विमा बघतात, इंजिन सुरू करून दाखवायला सांगतात, पंपाचं बटण दाबून बघतात. रात्रीत किती पाणी येतं हे आजवर कुणी विचारलं नाही, कारण फॉर्मवर तो रकानाच नाही. जी होडी पौषात बुडाली ती त्याआधीच्या तपासणीत पास झालेली होती. पंपाचं बटण दाबल्यावर तो छान आवाज करत होता.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी होडी पाण्यात असू द्या, बूड पुसून पंपाची वायर काढा, सकाळी साहेबांसमोर पाणी मोजा. मग परवान्यात लिहिलेत तेवढ्या माणसांच्या वजनाची पोती रचून अर्धा तास उभी ठेवा आणि पुन्हा मोजा. खर्च शून्य, पोती परत करता येतात. किती कळश्यांना नापास करायचं ते जाणकारांनी ठरवावं. मालकाच्या हाती मात्र एक वही द्या आणि ती दर वर्षी बघा. आकडा अचानक चढला की वही बोलते. पंप ते गिळून टाकतो.

आणि दुसरं मागणं, जे आमच्या खाडीतले सगळेच वर्षानुवर्षं मागताहेत. होडी ओढून घ्यायला एक उतरता काँक्रीटचा धक्का करून द्या. आज त्रयोदशीच्या मागे धावत, चिखलात गुडघाभर उभं राहून, पाणी परत यायच्या आत सांधा भरायचा म्हणजे काम घाईचंच होतं. मसाला सुकायला वेळ मिळत नाही. म्हणून मग मालक म्हणतो, जाऊ दे, पंप आहे ना.

डबा मी तुळशीपाशी ठेवलेला परत होडीवर नेला आहे. कालच्या सकाळची नोंद: पाऊण तांब्या, ग्लँडचं.

कळावे,
एक जुना बोटवाला, दाभोळ खाडी
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)